सिलिका नॅनोकणांतले अणुपातळीवरचे दोष : ईएसआरच्या रेषेतून नेमके काय म्हणता येते?

कुळागर (फोंडा)

सिलिकाच्या नॅनोकणांतील दोषांवर मी सध्या एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत आहे आणि एका मुद्द्यावर इथल्या जाणकारांचे मत हवे आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत जाळून जी अतिशय हलकी पांढरी पूड मिळते, ती माझा नमुना आहे. कणांचा सरासरी व्यास ७ नॅनोमीटर असून पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे ३८० चौरस मीटर आहे. नमुन्यावर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा करून तो मुंबईच्या एका उपकरण केंद्राकडे पाठवला होता. तिथून इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचा, म्हणजे ईएसआरचा, आलेख आला आहे.

खोलीच्या तापमानाला आणि ९.५ गिगाहर्ट्झला घेतलेल्या या आलेखात ३३९ मिलिटेस्लाच्या आसपास एक टोकदार रेषा आहे व तिचे जी-मूल्य (मायक्रोवेव्हची वारंवारता आणि क्षेत्र यांच्या गुणोत्तरावरून निघणारी, रेषेची ओळख सांगणारी संख्या) २.००१ च्या जवळ येते. तिच्या डावीकडे, म्हणजे कमी चुंबकीय क्षेत्राच्या बाजूला, एक पसरट उंचवटा आहे. त्याहून बरीच खाली, १५८ मिलिटेस्लाजवळ, आणखी एक ठेंगणी रेषा दिसते. ४० नॅनोमीटरच्या पुडीवरही हाच प्रयोग केला, तेव्हा टोकदार रेषेची उंची बरीच कमी भरली.

एक तर्क असा की लहान कणांत पृष्ठभाग जास्त, त्यांची रेषाही मोठी, म्हणून हे दोष पृष्ठभागावरचेच असले पाहिजेत. दुसरा तर्क असा की एवढ्यावरून असे म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होईल. रेषा कशाची आहे, दोष कणाच्या आत आहेत की पृष्ठभागावर, आणि दोन पुडींची तुलना कितपत ग्राह्य धरावी, या तीन प्रश्नांवर आपले विचार वाचायला आवडतील.

वास्कोकर

मायक्रोवेव्हची शक्ती किती ठेवली होती, क्षेत्राचे मॉड्युलेशन, म्हणजे मोजताना क्षेत्राला मुद्दाम दिलेली लहानशी चढउतार, किती होते आणि नळी हवेत उघडी होती की निर्वात करून बंद केलेली होती, एवढे आधी सांगा. या तीन नोंदींशिवाय रेषेच्या उंचीवर बोलणे योग्य होणार नाही. दोन्ही नळ्यांतील पुडीचे वजनही कळवा.

काचघर (ताळगाव)

टोकदार रेषेचे कूळ ओळखणे तुलनेने सोपे आहे. सिलिकात प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंना आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडलेला असतो. एखाद्या सिलिकॉनचा एक ऑक्सिजन नाहीसा झाला, तीनच बंध शिल्लक राहिले आणि चौथ्या दिशेला एकच इलेक्ट्रॉन उरला, की त्याला ई-प्राइम केंद्र म्हणतात. रॉबर्ट वीक्स यांनी १९५६ मध्ये किरणांचा मारा झालेल्या क्वार्ट्झमध्ये याची नोंद केली आणि तेव्हापासून सिलिकातल्या दोषांपैकी सर्वांत जास्त अभ्यास याच केंद्राचा झाला आहे. काचेसारख्या सिलिकात त्याची तीन मुख्य जी-मूल्ये २.००१८, २.०००६ आणि २.०००३ अशी मिळतात. कणांची दिशा पुडीत कशीही असल्यामुळे तिन्हींची सरमिसळ होऊन एक अरुंद, किंचित असमान रेषा दिसते. आपली रेषा तशी असेल तर ती ई-प्राइमचीच समजावी.

डावीकडच्या उंचवट्यात मात्र दोन दावेदार आहेत. पहिला म्हणजे एकाच सिलिकॉनला जोडलेला आणि दुसरे टोक मोकळे राहिलेला ऑक्सिजन. त्याची जी-मूल्ये साधारण २.०००, २.०१० आणि २.०८ च्या आसपास. दुसरा पेरॉक्सी मूलक, म्हणजे सिलिकॉनला लागून दोन ऑक्सिजन आणि शेवटच्या ऑक्सिजनवर एकटा इलेक्ट्रॉन; त्याची मूल्ये साधारण २.००२, २.००८ आणि २.०६७. दोन्ही एकमेकांवर इतके चढतात की केवळ नजरेने निवाडा होत नाही. संगणकावर दोन्हींचे आकार रचून, त्यांची बेरीज मूळ आलेखाशी जुळवून पाहावी लागते.

ई-प्राइमची आणखी एक खूण आहे. निसर्गातल्या सिलिकॉनपैकी ४.७ टक्के अणू सिलिकॉन-२९ या समस्थानिकाचे असतात आणि त्यांच्या अणुकेंद्राला स्वतःची स्पिन, म्हणजे स्वतःचे लहानसे चुंबकत्व, असते. एकटा इलेक्ट्रॉन अशा अणूवर असला तर मुख्य रेषेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून सुमारे ४२ मिलिटेस्ला अंतरावर, दोन क्षीण रेषा उमटतात. त्या सापडल्या तर इलेक्ट्रॉन सिलिकॉनवरच आहे याचा तो भक्कम पुरावा होतो. मात्र क्षेत्राचा पल्ला मुळातच अरुंद ठेवला असेल तर त्या आलेखाबाहेर राहतात.

अनघा (मडगाव)

मी उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि हा धागा माझे काही विद्यार्थीही वाचत आहेत. त्यांच्यासाठी विचारते. इलेक्ट्रॉन एकटा असला म्हणून तो यंत्राला दिसतो आणि जोडीत असला की दिसत नाही, असे का? आणि कणाच्या आत कुठेतरी एखादा अणू कमी आहे हे बाहेरून चुंबक लावून कसे कळते?

काचघर (ताळगाव)

अनघाताई, प्रश्न मूळचाच विचारलात. इलेक्ट्रॉन हा स्वतः एक लहानसा चुंबक असतो. जोडीतल्या दोघांच्या दिशा परस्परविरुद्ध असल्यामुळे त्यांचे चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकते. एकट्या इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व शिल्लक राहते. बाहेरचे क्षेत्र लावले की त्याला दोनच अवस्था घेता येतात, आणि त्या दोन अवस्थांमधल्या ऊर्जेचे अंतर क्षेत्राच्या प्रमाणात वाढत जाते. नमुन्यावर ठराविक वारंवारतेच्या मायक्रोवेव्ह सोडून क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, तर एका नेमक्या क्षेत्राला ते अंतर आणि मायक्रोवेव्हची ऊर्जा जुळते व शोषण होते. येवगेनी झावोइस्की यांनी कझान येथे १९४४ मध्ये हा परिणाम प्रथम नोंदवला.

पूर्णपणे मुक्त इलेक्ट्रॉनचे जी-मूल्य २.००२३ असते. पदार्थात तो कोणत्या अणूवर, कोणत्या शेजाऱ्यांमध्ये अडकला आहे त्यानुसार हे मूल्य दुसऱ्या ते चौथ्या दशांशात सरकते आणि त्या सरकण्यावरून त्याचा पत्ता लागतो. सिलिकाची रचना मासेमारीच्या जाळ्यासारखी डोळ्यांसमोर आणली, तर दोष म्हणजे एखादी तुटलेली गाठ. ईएसआरला सगळे जाळे दिसत नाही. तुटलेल्या गाठीचे लोंबते टोक तेवढे दिसते, आणि तेही त्यावर एकटा इलेक्ट्रॉन असेल तरच.

डिचोलीकर

मी खाण उद्योगाच्या प्रयोगशाळेत खनिजांचे पृथक्करण करत निवृत्त झालो. १५८ मिलिटेस्लाजवळच्या ठेंगण्या रेषेबद्दल लिहितो. ९.५ गिगाहर्ट्झला तिथे जी-मूल्य ४.३ येते, आणि काचेत किंवा सिलिकात विखुरलेल्या त्रिसंयुजी लोहाची ही ओळखीची जागा आहे. लोह मूळ पुडीतच असू शकते. पण आपल्याकडे, विशेषतः डिचोली, सत्तरी आणि सांगे भागांत, खनिजाची लाल धूळ खिडकीच्या फटीतूनही आत येते. नमुना उघडा राहिला तर धूळ त्यात मिसळली असण्याची शक्यता धरून चालावे. कोऱ्या नळीचा आणि किरणांचा मारा न झालेल्या पुडीचा आलेख स्वतंत्रपणे घेतला की उलगडा होईल.

धुळीची आणखी एक खूण सांगतो. आपल्या भागात लोहखनिजाबरोबर मँगनीजही सापडते. द्विसंयुजी मँगनीज असेल तर जी २ च्या परिसरात साधारण ९ मिलिटेस्लाच्या अंतराने सहा रेषांची रांग दिसते. ती रांग आणि आपला उंचवटा एकाच जागी येतात, त्यामुळे उंचवट्याचा अर्थ लावण्याआधी ती नाही ना याची खात्री करून घ्यावी. पूड हाताळताना स्टीलचा चमचा आणि स्टीलचा चिमटा टाळावा. प्लास्टिकचा चिमटा आणि ॲसिडने धुतलेले काचेचे भांडे वापरावे.

कुळागर (फोंडा)

काका, कोरी नळी आणि मारा न झालेली पूड या दोन्हींचे आलेख नव्या खेपेत घेणार आहे. सहा रेषांची रांग आलेखात दिसत नाही, ४.३ ची रेषा मात्र दोन्ही पुडींत आहे.

वास्कोकर सरांच्या प्रश्नांची उत्तरे अशी. शक्ती १ मिलिवॅट होती, मॉड्युलेशन ०.५ मिलिटेस्ला आणि त्या मॉड्युलेशनची वारंवारता १०० किलोहर्ट्झ. नळी टोपण लावलेली पण निर्वात न केलेली, म्हणजे आत हवाच होती. दोन्ही नळ्यांत पूड सारख्याच उंचीपर्यंत भरली होती. वजन केलेले नाही.

वास्कोकर

आता बोलता येईल.

पहिली गोष्ट मॉड्युलेशनची. ई-प्राइमच्या टोकाच्या दोन जी-मूल्यांतला फरक ०.००१५ आहे. ३३९ मिलिटेस्लाला त्याचे क्षेत्रातले अंतर जेमतेम ०.२५ मिलिटेस्ला भरते. मॉड्युलेशन त्याच्या दुप्पट ठेवले तर रेषा फुगते आणि तिचे बारकावे पुसले जातात. ते ०.०१ ते ०.०५ मिलिटेस्लाच्या दरम्यान आणावे. संकेत क्षीण होईल, म्हणून आलेख अनेकदा घेऊन त्यांची सरासरी करावी. पसरट उंचवट्यासाठी जास्त मॉड्युलेशन चालते, म्हणून दोन वेगळ्या नोंदी घ्याव्यात.

दुसरी गोष्ट शक्तीची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. ई-प्राइमच्या इलेक्ट्रॉनला घेतलेली ऊर्जा आजूबाजूच्या अणूंना देऊन परत खालच्या अवस्थेत यायला बराच वेळ लागतो. शक्ती जास्त असली तर वरची आणि खालची अवस्था जवळजवळ सारखीच भरते आणि शोषण मंदावते. याला संपृक्तता म्हणतात. ई-प्राइमसाठी १ मिलिवॅट ही शक्ती फार आहे; काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत ती १ मायक्रोवॅटच्या आसपास ठेवतात. डावीकडचे ऑक्सिजनचे मूलक इतक्या लवकर संपृक्त होत नाहीत, त्यामुळे १ मिलिवॅटला घेतलेल्या आलेखात ई-प्राइम आहे त्यापेक्षा लहान आणि उंचवटा तुलनेने मोठा दिसतो. शक्ती टप्प्याटप्प्याने बदलून, रेषेची उंची शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते तिथपर्यंतचाच पट्टा मोजणीसाठी वापरावा.

दोन पुडींत पाणी, लोह किंवा आतला ऑक्सिजन कमीजास्त असेल तर संपृक्तताही वेगळ्या शक्तीला येते. म्हणजे एकाच शक्तीला घेतलेल्या दोन उंचींची तुलना त्या कारणानेही फसू शकते.

काचघर (ताळगाव)

वजनाचा मुद्दा मी पुढे नेतो. ज्वालेतली सिलिका इतकी फुगीर असते की सैल पुडीचे वजन लिटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास भरते. ३ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत अडीच सेंटिमीटर उंचीपर्यंत ती भरली तर मोजून ९ मिलिग्रॅमच्या आसपास माल बसतो. नळी हलक्या हाताने टेबलावर टकटक केली की तीच पूड खाली बसते आणि तेवढ्याच उंचीत आणखी मावते. भरताना ती स्थिर विद्युतभारामुळे काचेला वरपर्यंत चिकटते, आणि जे चिकटले ते कॅव्हिटीच्या, म्हणजे नळी जिथे ठेवतात त्या मायक्रोवेव्हच्या पोकळीच्या, संवेदनशील भागात नसते. म्हणून रिकामी नळी आणि भरलेली नळी दोन्ही तोलाव्यात. ९ मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम इकडेतिकडे झाला तरी पाच टक्क्यांहून अधिक फरक पडतो.

नदीकाठ (साखळी)

मला वाटते आपण तपशिलात फार शिरत आहोत आणि मूळ गोष्ट बाजूला राहत आहे. ७ नॅनोमीटरच्या कणात पृष्ठभागाजवळचे अणू इतके असतात की प्रत्येक कण दोषांनी भरलेलाच असणार. बाहेरच्या १ नॅनोमीटर जाडीच्या थराचा हिशेब केला तर ७ नॅनोमीटरच्या गोळ्याचे ६४ टक्के आकारमान त्या थरात येते. ४० नॅनोमीटरच्या गोळ्यात फक्त १४ टक्के. लहान कणांची रेषा मोठी येण्याचे कारण याहून वेगळे शोधायची गरज काय?

काचघर (ताळगाव)

आपला थराचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण कण मोजून पाहू.

७ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचे आकारमान सुमारे १८० घन नॅनोमीटर. सिलिकाची घनता २.२ धरली तर एका घन नॅनोमीटरमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडची साधारण २२ एकके बसतात. म्हणजे एका कणात सुमारे ४,००० एकके आणि १२,००० अणू. एका ग्रॅममध्ये असे कण सुमारे २.५ गुणिले १० चा १८ वा घात इतके होतात. आता समजा, मोजणीतून दर ग्रॅमला १० चा १६ वा घात इतकी ई-प्राइम केंद्रे मिळाली. ईएसआरच्या दृष्टीने हा उत्तम, ठसठशीत संकेत झाला. तरीही भागाकार केला तर सरासरी २५० कणांमागे एका कणात एक केंद्र येते. उरलेल्या २४९ कणांत ते नसतेच.

याउलट त्याच कणाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, पाहा. पृष्ठफळ सुमारे १५४ चौरस नॅनोमीटर आहे. दर चौरस नॅनोमीटरला दोन गट धरले तरी एका कणावर ३०० च्या आसपास गट होतात. ज्वालेतून बाहेर पडलेल्या कणाचा पृष्ठभाग असा हायड्रोजनने बहुतांशी मिटवलेला असतो. पृष्ठभाग म्हणजे मोकळे बंध, हे समीकरण ताज्या तुटलेल्या पृष्ठभागाला लागू पडेल. हवेतून आलेल्या आणि साठवलेल्या पुडीला ते तसेच्या तसे लावता येत नाही.

नदीकाठ (साखळी)

भागाकार पाहून थांबलो. २५० कणांत एक, हे प्रमाण माझ्या कल्पनेपेक्षा फारच विरळ आहे. पण मग ज्या दोषांना एकटा इलेक्ट्रॉन नाही त्यांचे काय? ते या मोजणीत आलेच नसणार.

काचघर (ताळगाव)

अगदी खरे. एक ऑक्सिजन नाहीसा होऊन त्याच्या दोन्ही बाजूंच्या सिलिकॉननी एकमेकांशी थेट बंध जोडला, तर दोष आहे, पण एकटा इलेक्ट्रॉन नाही. अशा दोषाचा ईएसआरला पत्ता लागत नाही. तो ७.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अतिनील शोषणातून ओळखला जातो. गॅमा किरणांनी त्यातला एक इलेक्ट्रॉन उडवला की तोच दोष ई-प्राइम होऊन आलेखात उतरतो. म्हणजे मारा केल्यावर दिसणाऱ्या केंद्रांपैकी काही नवीन घडलेली असतात, तर काही आधीपासूनची आणि आता उजेडात आलेली असतात. मारा न केलेल्या पुडीत रेषा दिसली नाही तर ‘दोष नाहीत’ असे लिहू नये. ‘एकट्या इलेक्ट्रॉनचे दोष मोजणीच्या मर्यादेत आढळले नाहीत’ असे लिहावे. प्रबंधात या दोन वाक्यांमधला फरक मला फार मोलाचा वाटतो.

अनघा (मडगाव)

विद्यार्थ्यांचा एक प्रश्न राहून गेला. ही पूड टूथपेस्टमध्ये, मसाल्यांच्या पुडीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून, आणि औषधांच्या गोळ्यांतही वापरतात. दगड फोडणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस होतो तो याच दोषांमुळे होतो का?

डिचोलीकर

बाई, हे दोन पदार्थ वेगळे ठेवून पाहावे लागतात. सिलिकोसिस होतो तो प्रामुख्याने स्फटिकी सिलिकाच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, श्वासातून खोल जाणाऱ्या बारीक धुळीमुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या जागी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारक ठरवले आणि त्याच वेळी अस्फटिकी सिलिकाला मात्र वर्गीकरणापुरता पुरावा नसलेल्या गटात ठेवले. अन्नात ई-५५१ या क्रमांकाने येते ती अस्फटिकी सिलिका.

दोषांचा संबंध मात्र नक्की आहे. क्वार्ट्झ नुकताच फोडला की तुटलेल्या पृष्ठभागावर सिलिकॉनचे आणि ऑक्सिजनचे मूलक उघडे पडतात. ते ईएसआरमध्ये दिसतात, पाण्यात हायड्रॉक्सिल मूलक तयार करतात आणि धूळ हवेत पडून राहिली की कालांतराने ओसरतात. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिले तेव्हा ताजी धूळ जुन्या धुळीपेक्षा जास्त अपायकारक का ठरते याला एक ठोस रासायनिक कारण मिळाले. आपल्याकडचे लोहखनिजही पुष्कळ ठिकाणी क्वार्ट्झच्या पट्ट्यांबरोबरच येते, त्यामुळे खडक फोडण्याच्या ठिकाणी पाण्याचा फवारा आणि मास्क यांविषयी मी आयुष्यभर आग्रही राहिलो आणि आजही आहे.

नॅनो सिलिका अस्फटिकी असली तरी ती पूड म्हणून हाताळताना मास्क लावावाच. नळीत भरताना ती धुरासारखी उडते.

मांडवी (पणजी)

एक लहानशी पुरवणी. मोकळ्या बंधांबद्दल वाचताना काहींना सिलिकॉन आणि सिलिका यांच्या सीमेवरचे केंद्र आठवेल, जे ट्रान्झिस्टरच्या अभ्यासात येते. तिथे एकटा इलेक्ट्रॉन असलेला सिलिकॉन तीन सिलिकॉनना जोडलेला असतो, तीन ऑक्सिजनना नव्हे, आणि त्याचे जी-मूल्य दिशेनुसार सुमारे २.००१ पासून २.००८ पर्यंत बदलते. कुळागर यांच्या पुडीत सिलिकॉनचा गाभाच नाही, त्यामुळे त्या केंद्राचा इथे विचार करावा लागत नाही. ट्रान्झिस्टरच्या ऑक्साइड थरात ई-प्राइम मात्र धनभार अडकवून ठेवते; अवकाशयानांतल्या चिपवर किरणोत्सर्गाचा परिणाम अभ्यासताना म्हणूनच हे केंद्र इतके महत्त्वाचे मानतात.

वास्कोकर

नळीबद्दल कुणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. नळी स्वतः शुद्ध सिलिकाची असते. पूड नळीत ठेवून गॅमा मारा केला असेल तर नळीच्या काचेतही ई-प्राइम तयार झालेले असतात, आणि नळी पुडीपेक्षा कितीतरी जड असते. मग ९ मिलिग्रॅम पुडीच्या रेषेत नळीची रेषा मिसळते आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा की लांब नळीच्या एका टोकाला पूड ठेवून मारा करायचा, मग नळी उलटी करून पूड दुसऱ्या टोकाला सरकवायची आणि मारा झालेले टोक ज्योतीवर तापवून त्यातले दोष घालवायचे. त्यासाठी दुसरे टोक मारा होताना शिशाच्या आडोशाला ठेवावे. हे जमत नसेल तर मारा वेगळ्या कुपीत करून पूड नंतर कोऱ्या नळीत भरावी.

कुळागर (फोंडा)

मारा पॉलिथिनच्या कुपीत झाला होता आणि पूड नंतर नळीत भरली, त्यामुळे नळीची शंका दूर होते. आता पावसाळा सुरू झाला आहे. नवे नमुने याच महिन्यात तयार करायचे आहेत आणि पूड ओलावा ओढून घेते. ती मोजणीआधी तापवून घेतली तर चालेल का?

वास्कोकर

माऱ्याआधी तापवा; माऱ्यानंतर तापवू नका. जून ते सप्टेंबरात आपल्या हवेत उघडी ठेवलेली पूड पाणी धरतेच, आणि द्रवरूप पाणी मायक्रोवेव्ह गिळते, त्यामुळे कॅव्हिटीची गुणवत्ता खालावते आणि मोजणी ढासळते. १५० ते २०० अंश सेल्सिअसला तापवले की पृष्ठभागावर नुसते टेकलेले पाणी जाते, हायड्रॉक्सिल गट बहुतांशी टिकतात. पण माऱ्यानंतर तेवढेच तापवले तर जे मोजायचे तेच हातचे जाते. ई-प्राइम केंद्रे तापमान वाढवले की ओसरू लागतात, आणि नॅनोकणांत तर बाहेरचा ऑक्सिजन आत शिरायला अंतरही फार नसते. तापवलेली पूड निर्जलकाच्या बरणीत थंड करून लगेच कुपीत बंद करावी.

त्याचबरोबर मारा कधी संपला आणि आलेख कधी घेतला या दोन्ही वेळा लिहून ठेवाव्यात. किरणांनी हायड्रॉक्सिल गट तुटले की हायड्रोजन मोकळा होतो. तो खोलीच्या तापमानालाही सिलिकात हिंडतो आणि मोकळे बंध मिटवत जातो. नमुना टपालाने मुंबईला पोचेपर्यंत काही केंद्रे गेलेली असतील. दोन पुडी वेगवेगळ्या आठवड्यांत मोजल्या तर त्यांची तुलना त्याही कारणाने डळमळीत होते.

काचघर (ताळगाव)

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आत की पृष्ठभागावर. मला वाटते, याचे अर्धे उत्तर आपल्या हाती असलेल्या आलेखातच आहे.

पृष्ठभागावरच्या ई-प्राइमला ऑक्सिजन भेटला की तो त्याला चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक तयार होतो. ही क्रिया खोलीच्या तापमानाला सहज होते. आपला नमुना माऱ्याच्या वेळीही हवेत होता आणि मोजणीच्या वेळीही. म्हणजे पृष्ठभागावर उघडी असलेली ई-प्राइम केंद्रे आलेख घेईपर्यंत ई-प्राइम म्हणून उरलीच नसावीत. जी टोकदार रेषा शिल्लक आहे ती प्रामुख्याने अशा केंद्रांची असावी, ज्यांच्यापर्यंत ऑक्सिजन पोचला नाही, म्हणजे आतल्या किंवा कणांच्या सांध्यांत बंदिस्त झालेल्या केंद्रांची. पृष्ठभागाची खरी खूण शोधायची तर ती डावीकडच्या उंचवट्यात, पेरॉक्सीच्या वाट्यात शोधावी.

याची कसोटी घेता येते. निर्वात कुपीत मारा करून पहिला आलेख घ्यावा, मग त्याच नळीत कोरडा ऑक्सिजन सोडून दुसरा. टोकदार रेषा जेवढी घटली आणि पेरॉक्सी जेवढा वाढला तेवढा वाटा पृष्ठभागाचा. ऑक्सिजन परत काढून घेऊन तिसरा आलेखही घ्यावा, कारण ऑक्सिजनच्या नुसत्या सान्निध्याने रेषा रुंदावली असेल तर ती पूर्ववत होईल. रासायनिक बंध झाला असेल तर होणार नाही.

नदीकाठ (साखळी)

पण ७ नॅनोमीटरच्या कणात ऑक्सिजन आतही शिरेलच ना? मग आतले आणि बाहेरचे हा भेद कसा टिकेल?

काचघर (ताळगाव)

शंका योग्य आहे आणि उत्तर तापमानावर अवलंबून आहे. घट्ट सिलिकात ऑक्सिजनचा रेणू सरकायला सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्टची किंवा थोडी अधिक ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला त्यामुळे ही हालचाल इतकी मंद असते की एक नॅनोमीटरचा पल्लाही प्रयोगाच्या अवधीत सहसा गाठला जात नाही. २०० अंशांना मात्र सात नॅनोमीटरच्या कणाच्या गाभ्यापर्यंत जायला मिनिटे पुरतात. म्हणून कसोटी खोलीच्या तापमानालाच घ्यायची. वास्कोकर यांनी माऱ्यानंतर तापवू नका असे सांगितले त्याचेही हे एक कारण आहे. उलट, हवेत मुद्दाम टप्प्याटप्प्याने तापवून रेषा कशी घटते हे पाहिले, तर दोन आकारांच्या कणांतला फरक त्यातूनही वाचता येईल. तो प्रबंधाचा वेगळा विभाग होऊ शकतो.

मोकळ्या ऑक्सिजनच्या केंद्राची शहानिशा प्रकाशदीप्तीने करावी. ते १.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लाल प्रकाश देते. लाल दीप्ती क्षीण आणि उंचवटा मात्र मोठा असेल तर उंचवट्यात पेरॉक्सीचा वाटा जास्त आहे, या अनुमानाला बळ मिळते.

कुळागर (फोंडा)

सर्वांची मनापासून आभारी आहे. नव्या खेपेसाठी दोन्ही आकारांच्या पुडी एकाच दिवशी २०० अंशांना सुकवून, अर्ध्या निर्वात आणि अर्ध्या हवेतल्या कुपींत घालून, एकाच वेळी मारा करून घ्यायचे ठरवले आहे. वजन, माऱ्याची वेळ आणि मोजणीची वेळ सोबतच्या कागदावर जाईल. १ मायक्रोवॅटपासून चढत्या शक्तीचे आलेख आणि क्षेत्राचा रुंद पल्ला यांची विनंती केंद्राकडे केली आहे.

एक शेवटचे विचारते. दर ग्रॅमला किती केंद्रे हा आकडा काढायचा तर प्रमाण नमुना कोणता घ्यावा? डीपीपीएच, म्हणजे ईएसआरमध्ये नेहमी वापरला जाणारा स्थिर मूलक, चालेल का?

वास्कोकर

क्षेत्राची जागा तपासायला डीपीपीएच उत्तम आहे, त्याचे जी-मूल्य २.००३६ पक्के माहीत असते. चौथ्या दशांशाची खात्री हवी तर प्रत्येक आलेखाबरोबर वारंवारता मोजलेली हवी आणि डीपीपीएचचा आलेखही त्याच बैठकीत घेतलेला हवा. संख्येसाठी मात्र डीपीपीएचची पूड फारशी भरवशाची नाही. ती कशी तयार केली आणि किती जुनी आहे यावर तिच्यातल्या स्पिनची संख्या बदलते. टेम्पो या दुसऱ्या स्थिर मूलकाचे ज्ञात सांद्रतेचे द्रावण त्याच व्यासाच्या नळीत घ्यावे, पण ते पाण्यात नव्हे तर टोल्यूनमध्ये करावे. दोन्ही आलेखांचे दोनदा समाकलन करून, प्रत्येकाची शक्ती, मॉड्युलेशन आणि गेन (यंत्राने संकेत किती पट वाढवला ते) यांची भरपाई करून मग भागाकार करावा. ई-प्राइमच्या समाकलनाची हद्द अरुंद ठेवावी, नाहीतर उंचवट्याचे शेपूट त्यात मोजले जाईल.

डिचोलीकर

आणि टोल्यून हाताळताना खिडकी उघडी ठेवावी लागेल, तेव्हा पुडीची कुपी त्या खोलीत उघडू नका. ४.३ ची रेषा नव्या खेपेत कोऱ्या नळीत येते की पुडीत, ते इथे जरूर कळवा.